जुना ट्रॅक्टर आणि नांगरटीची परीक्षा

सैन्यातल्या वर्कशॉपमध्ये आम्ही एक गोष्ट शिकलो: गाडी जागेवर सुरू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं नाही, ओझं ओढून दाखवलं तर दुरुस्त. निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत, ओहायोला जातो, तिथे जुन्या गार्डन ट्रॅक्टरवर हेच पुन्हा पटलं.

हे परसातल्या कामाचे छोटे ट्रॅक्टर. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा 1960-61 चा पहिला ‘कब कॅडेट’ घ्या: एकच सिलिंडर, 7 अश्वशक्ती. बंद पडला तर आधी ठिणगी बघा. पॉइंट साफ करून फीलर गेजने गॅप 0.020 इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवा. मग कार्बोरेटरमधला जुन्या पेट्रोलचा चिकटा काढा.

खरी परीक्षा ‘प्लाउ डे’ला. एखादा शेतकरी पीक काढलेलं रान मोकळं करून देतो आणि सगळे आपापले ट्रॅक्टर घेऊन येतात. नांगरताना उजवी चाकं आधीच्या तासात चालतात, त्यामुळे ट्रॅक्टर कलतो; नांगर मात्र सपाट हवा. म्हणून घरीच डावी चाकं तासाच्या खोलीएवढ्या ठोकळ्यांवर चढवून नांगर समतल करायचा. फाळ मातीत घुसला की गव्हर्नर थ्रॉटल उघडतो. पेट्रोल कमी पडून इंजिन दबलं, तर मुख्य जेटचा स्क्रू किंचित सैल करा. हे शेडमध्ये कळत नाही, रानातच कळतं. शिवाय बांधावर ऐंशीतले म्हातारे उभे असतात, आवाजावरून दोष सांगतात. ही विद्या पुस्तकात थोडी, त्यांच्या कानात जास्त.

तुमच्याकडे जुनं इंजिन पडून असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा ठिणगी बघा. जय हिंद!