पाणी मुबलक, हिशेब विजेचा

पाण्यावर गाडी चालविण्याचा दावा करणारा कोणी ना कोणी संशोधक दर दोन-चार वर्षांनी प्रकट होतो आणि काही दिवस चर्चेचा धुरळा उडवून विस्मृतीत जातो. या दाव्यांतील मेख एकच असते. पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळून गेल्यानंतर उरलेली ती राख आहे. त्या राखेतून पुन्हा हायड्रोजन मिळवायचा, तर जळताना बाहेर पडलेली सारी ऊर्जा परत द्यावी लागते, प्रत्यक्षात थोडी अधिकच. हायड्रोजनचे सगळे अर्थकारण या साध्या नियमाभोवती फिरते.

या वायूचे आकर्षण अकारण नाही. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा सामावलेली असते. पेट्रोलमध्ये ती किलोमागे १२ युनिटच्या आसपास असते. जळल्यावर धूर नाही, काजळी नाही, केवळ पाण्याची वाफ. मात्र आज जगात दरवर्षी जो साडेनऊ कोटी टनांहून अधिक हायड्रोजन तयार होतो, तो बहुतांशी नैसर्गिक वायू आणि कोळशापासून. नैसर्गिक वायूवर तप्त वाफेची प्रक्रिया करून एक किलो हायड्रोजन मिळविताना नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. धूर गाडीच्या नळकांड्यातून न निघता कारखान्याच्या धुराड्यातून निघतो, इतकाच फरक.

यावरील उतारा म्हणजे पाण्याचे विद्युत अपघटन. पाण्यातून वीजप्रवाह सोडला, की ऋणाग्राशी हायड्रोजन आणि धनाग्राशी ऑक्सिजन जमू लागतो. शाळेच्या प्रयोगशाळेत अनेकांनी हे बुडबुडे पाहिलेले असतील. सैद्धांतिकदृष्ट्या एक किलो हायड्रोजनसाठी ३९ युनिट वीज पुरेशी आहे. प्रत्यक्ष यंत्रांना ५० ते ५५ युनिट लागतात. वीज युनिटला चार रुपयांनी मिळाली असे धरले, तरी निव्वळ विजेचा खर्च किलोमागे दोनशे रुपयांच्या पुढे जातो. यंत्रसामग्रीचा भांडवली खर्च वेगळा. केवळ सौर विजेवर विसंबल्यास ही महागडी यंत्रे सूर्यास्तानंतर बंद राहतात आणि तो खर्च कमी उत्पादनावर पडतो.

मग रात्री नेहमीच्या ग्रिडमधून वीज घेतली तर? देशातील बरीच वीज अजूनही कोळशापासून तयार होते. तेथे एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साईड धरल्यास एक किलो हायड्रोजनचा भार ३५ किलोंच्या वर जातो, म्हणजे नैसर्गिक वायूच्या जुन्या पद्धतीच्या तिप्पट-चौपट. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये 'हरित' या शब्दाची व्याख्या ठरविली, ती यासाठीच. किलोमागे दोन किलोंपेक्षा अधिक उत्सर्जन झाले, तर तो हायड्रोजन हरित नव्हे. ही मर्यादा बारा महिन्यांच्या सरासरीवर मोजली जाते.

ही विद्या आपल्याला नवी नाही, हे मात्र फारसे कुणाच्या स्मरणात नाही. पंजाबात नांगल येथे १९६१ मध्ये सुरू झालेल्या खत कारखान्यात भाक्रा धरणाच्या जलविद्युतेने पाण्याचे अपघटन करून हायड्रोजन मिळविला जाई आणि त्यापासून अमोनिया बनत असे. देशातील पहिला जड पाण्याचा प्रकल्पही १९६२ मध्ये याच प्रक्रियेच्या आधाराने तेथे उभा राहिला. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नांगलला इंधन तेलावर आधारित नवा विभाग आला आणि नंतर नैसर्गिक वायू. आज ज्याला आपण भविष्य म्हणतो, ते तेथे एकदा होऊन गेले आहे.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन आणि त्यासाठी १२५ गिगावॉट नवी अपारंपरिक वीज, असे त्याचे उद्दिष्ट आहे. आसाममधील जोरहाट येथे ऑइल इंडियाने एप्रिल २०२२ मध्ये सुरू केलेल्या पथदर्शी प्रकल्पाची क्षमता होती दिवसाला दहा किलो. अंतर केवढे आहे, ते यावरून उमगावे.

पाण्याची चिंता अनेकांना वाटते. पण आकडे तितके भयावह नाहीत. एका किलोला नऊ लिटर पाणी रासायनिकदृष्ट्या लागते. या हिशेबाने ५० लाख टनांसाठी साधारण १.६ टीएमसी, म्हणजे खडकवासला धरण एकदा भरण्याइतकेही नाही. शुद्धीकरण आणि शीतकरण धरता हा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. तरीही प्रश्न एकूण पाण्याचा नसून जागेचा आहे. भरपूर ऊन असलेला प्रदेश बहुधा पाण्याला मोताद असतो.

हा वायू वापरायचा कोठे, याबाबत मात्र उत्साहाला आवर घालावा लागेल. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी विकसित केलेल्या इंधन घटावरील बसचे अनावरण झाले, ते कौतुकास्पदच होते. पण शंभर युनिट विजेपासून हायड्रोजन करून, तो दाबाखाली भरून, पुन्हा वीज करून चाकांपर्यंत जेमतेम तीस युनिट पोहोचतात. तीच वीज बॅटरीत भरली, तर सत्तरहून अधिक. शहरातील दुचाकी वा मोटारीसाठी हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

खतांचे तसे नाही. अमोनियासाठी हायड्रोजन लागतोच. तेथे बॅटरीचा पर्याय नाही. अलिबागजवळच्या थळ येथील 'आरसीएफ'चा कारखाना तो आजवर नैसर्गिक वायूपासून मिळवीत आला आहे. मुंबईतील माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनाही गंधक काढण्यासाठी तो हवा असतो. या ठिकाणी हरित हायड्रोजन आणायचा, तर किमतीतील फरक कोणी सोसायचा, हा खरा वाद आहे. युरियाची विक्री किंमत सरकार ठरविते. महाग हायड्रोजनचा बोजा शेतकऱ्यावर टाकता येणार नसेल, तर तो अनुदानाच्या खात्यात जाईल, आणि ते खाते आधीच जड आहे.