ठोकळ्यांचा माणूस चालता करायचा तर…

रोप वाढताना कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. सकाळी पाहावे तर दोन पाने, आठवड्याने पाहावे तर सहा. मधली हालचाल नजरेतून निसटते. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी ती पकडली. कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा एका जागी ठेवला आणि रोप वाढेल तसतशी एकेक चित्र घेत गेले. ती फीत चालवली तेव्हा अंकुर भराभर वर येताना दिसला. ते पाहून त्यांच्या पहिल्या चित्रपटाला पैसे लावायला माणूस तयार झाला. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची फीतही केली. रोप आपले आपण वाढते, काड्या मात्र हाताने सरकवाव्या लागतात. सरकवा, चित्र घ्या, किंचित सरकवा, पुन्हा चित्र घ्या. यालाच आज ‘स्टॉप मोशन’ म्हणतात, आणि जगभरची हौशी मंडळी तो खेळ आता प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवर खेळतात.

या ठोकळ्यांचा जन्मही शेतकऱ्यांच्या अडचणीतूनच झाला म्हणायचा. डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाच्या खेड्यात ओले कर्क क्रिस्टियान्सेन हा सुतार होता. आसपासच्या शेतकऱ्यांची घरे बांधणे हा त्याचा धंदा. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव पडले, घरे बांधणारे उरले नाहीत, तेव्हा १९३२ साली तो लाकडी खेळणी करू लागला. तीच पुढे लेगो कंपनी झाली. आजच्या घडणीचा ठोकळा १९५८ चा. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजूनही घट्ट बसतो. हातपाय हलवणारा, चार सेंटिमीटर उंचीचा छोटा माणूस मात्र १९७८ साली आला. गंमत अशी की, हा माणूस येण्याच्या आधीच, १९७३ साली, डेन्मार्कमधल्या नात्यातल्या दोन मुलांनी ठोकळ्यांची चंद्रावरची सफर चित्रफितीवर उतरवली होती. ऑस्ट्रेलियात लिंडसे फ्ले या गृहस्थाने १९८५ ते १९८९ अशी चार वर्षे घालवून ‘द मॅजिक पोर्टल’ पुरा केला.

चार वर्षे! इथेच बहुतेकांचा बेत फसतो. घरातल्या मुलाने ठरवलेले असते की लढाई दाखवायची, किल्ला दाखवायचा, शंभर मावळे दाखवायचे. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी एका मिनिटाला सातशे वीस चित्रे होतात. पहिल्या संध्याकाळी चाळीस चित्रे घेऊन होतात, ती तीन-सव्वातीन सेकंदांत संपतात, आणि पोर हिरमुसते. दुसऱ्या दिवशी ठोकळे डब्यात जातात ते कायमचेच. म्हणून जुनी हौशी मंडळी नवशिक्याला कथा सांगायला लावतच नाहीत. ती त्याला कोडी घालतात : पाच सेकंदांचे, दहा सेकंदांचे एकेक काम, पण पुरे केलेले. पैलवान कुस्तीला उतरण्याआधी जोर-बैठका काढतो, तसेच हे.

आधी बैठक पक्की

मोबाइल हातात धरून हे काम होत नाही. तो तिवईवर किंवा दोन विटांच्या मध्ये घट्ट बसवावा. ठोकळ्यांची पाटी टेबलाला चिकटपट्टीने जखडून टाकावी. खिडकीच्या उजेडात मुळीच चित्रे घेऊ नयेत. ऊन सरकते, ढग येतो, आणि फीत चालवली की देखावा लुकलुकतो. खिडकीवर जाड कापड टाकून एका स्थिर दिव्यावर काम करावे. वीज जायची वेळ ठाऊक असेल तर त्याच्या आधी आटोपावे, कारण परत आल्यावर दिवा जागचा हललेला नसला तरी आपण हललेलो असतो. अंगात पांढरा सदरा नको. ठोकळे चकचकीत असतात, सदऱ्याचा उजेड त्यांवर पडतो. मोबाइलमधले उजेडाचे आणि नजरेचे आपोआप बदलणारे काम बंद करून ठेवावे. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’सारख्या ॲपमध्ये मागचे चित्र अंधुक दिसते, त्यावरून माणूस किती सरकवला ते कळते. नव्याने शिकणाऱ्याला याचा मोठा आधार.

ठोकळे महाग कंपनीचेच हवेत असे नाही. जुन्या पेटंटांची मुदत केव्हाच संपली, त्यामुळे तसेच ठोकळे अनेक कारखाने करतात. फक्त पकड तपासून घ्यावी, कारण सैल ठोकळा चित्रागणिक थरथरतो.

चालणे : सगळ्यांत अवघड सोपी गोष्ट

पहिले कोडे ठरलेले : माणूस पाटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत न्या. याला गुडघे नाहीत, कोपरे नाहीत. पाय कमरेत पुढेमागे होतात एवढेच. त्यामुळे नवशिका त्याला नुसता ढकलत नेतो आणि तो बर्फावरून घसरल्यासारखा दिसतो.

अंगणात बसून माणसे चालताना पाहावीत. साधारण सेकंदाला दोन पावले पडतात. म्हणजे बारा चित्रांच्या हिशेबात एका पावलाला सहा चित्रे. पाय पूर्ण फाकलेले, मग अर्धे मिटलेले, मग सरळ, मग दुसऱ्या बाजूने उघडत जाणारे. पाटीवरची बटणे एकमेकांपासून आठ मिलिमीटरवर असतात, आणि एका पावलात दीड-दोन बटणे अंतर कापले जाते. आता खरी मेख. पाय फाकले की कंबर खाली येते, पाय जुळले की वर जाते. डोके सरळ रेषेत न जाता किंचित खालीवर होत जाते. एवढे जमले की त्या प्लॅस्टिकमध्ये जीव येतो. सरळ पायांनी तो बटणांवर घट्ट उभा राहतो, पण पाय फाकले की पकड सुटून कलंडतो. त्यासाठी भिंतीवर चित्रे लावायची चिकट गोळी टाचेखाली मुगाएवढी लावावी.

हे साधले की त्याच माणसाच्या डोक्यावर ओझे द्या. ओझे खोटेच, प्लॅस्टिकचे. पण पाहणाऱ्याला ते खरे वाटले पाहिजे. उचलण्याआधी तो क्षणभर थांबेल, वाकेल, उठायला जास्त चित्रे घेईल आणि मग आखूड पावले टाकील. धान्याचे पोते उचलणारा माणूस ज्याने पाहिला आहे त्याला हे पुस्तकातून शिकायला नको. शहरातल्या पोरांपेक्षा आपली मुले इथे दोन पावले पुढे असावीत असे आम्हाला वाटते.

पडणे आणि पाहणे

दुसरे कोडे पडण्याचे. वरून सुटलेली वस्तू एका वेगाने खाली येत नाही, वेग वाढत जातो. सारख्या अवधीत कापलेली अंतरे एक, तीन, पाच, सात या प्रमाणात असतात. आपला चार सेंटिमीटरचा माणूस साडेपाच फुटांच्या माणसाएवढा धरला, तर पहिल्या चित्रात तो जेमतेम ०.८ मिलिमीटर खाली यावा, दुसऱ्यात २.४, तिसऱ्यात ४, चौथ्यात ५.६. नऊ चित्रांत साडेसहा सेंटिमीटर होतात, म्हणजे खऱ्या जगातली नऊ फुटांवरच्या पत्र्यावरून मारलेली उडी. हवेत टांगायचा कसा, हा प्रश्न पडेल. एक सोपी युक्ती आहे. सारा देखावा टेबलावर आडवा मांडायचा आणि मोबाइल वरून रोखायचा. मग माणूस नुसता सरकवायचा असतो. बाजूला मोजपट्टी ठेवून खुणा करून घ्याव्यात.

तिसरे कोडे आम्हाला सर्वांत आवडते. छोट्या माणसाचा चेहरा छापील, हसरा तो हसराच. चेहरा न बदलता त्याला राग आला आहे, किंवा तो कुणाची तरी वाट पाहतो आहे, हे दाखवायचे. मान वळण्याआधी ती उलट्या बाजूला जराशी जाते, वळताना पहिली आणि शेवटची चित्रे जवळजवळ असतात, मधली लांब. आणि थांबणे! माणूस दारात उभा आहे, काही हलत नाही, अशी दहा चित्रे. नवशिक्याला वाटते चित्रे फुकट गेली. फीत चालवून बघा, सगळा अर्थ त्या दहांत असतो.

एका दिवसाची शर्यत

कोडी हाताखालून गेली की हौशी लोक चोवीस तासांची शर्यत लावतात. सुरुवातीलाच विषय आणि एक ठरावीक वस्तू जाहीर होते. ती वस्तू फितीत दिसलीच पाहिजे, म्हणजे आधीच करून ठेवलेले काम कुणी पुढे करू शकत नाही. त्यानंतर कथा, देखावा, चित्रे, आवाज, सगळे एका दिवसात.

दिवाळीच्या सुट्टीत हे घरच्या घरी करता येईल. शनिवारी संध्याकाळी आजीने एक वस्तू सांगावी. अडकित्ता, कंदील, कोयता, काहीही. मुलांनी ती ठोकळ्यांतून घडवावी. अर्ध्या मिनिटाची फीत करायची तर तीनशे साठ चित्रे लागतील. एका चित्राला मिनिट धरले तरी सहा तास होतात. रात्री कथा ठरवून झोपावे, सकाळी लवकर चित्रांना बसावे. भाऊ-बहीण दोघे असतील तर एकाने माणूस हलवावा, दुसऱ्याने मोबाइल सांभाळावा आणि चित्रे मोजावीत. दर पन्नास चित्रांनी फीत चालवून बघावी, म्हणजे कोपऱ्यात राहिलेले बोट वेळीच दिसते. रविवारी दिवेलागणीला काम थांबवायचे, पुरे झाले असो वा नसो, आणि जेवढे झाले तेवढे सगळ्यांना दाखवायचे. वस्तू दिसली की नाही, हे आजीने सांगायचे.