मोजक्या खर्चात सकस आहार : लखनौतील मराठी कुटुंबांसाठी माहिती

किराण्याचा खर्च वाढू लागला की प्रथम डाळ आणि भाजी यांना कात्री लागते. पोळी-भाताने पोट भरते; परंतु शरीरास आवश्यक असलेली प्रथिने, लोह व जीवनसत्त्वे पुरेशी मिळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. म्हणूनच काटकसर करताना पोळी-भाताच्या जोडीला ताटात काय वाढले जाते, याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

हक्काचे धान्य घ्यावे

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. आपली शिधापत्रिका महाराष्ट्रातील असली, तरी ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे आधार पडताळणीनंतर लखनौतील रास्त भाव दुकानातूनही धान्य घेता येते. गावी राहणारे सदस्य आपला वाटा तेथेच घेऊ शकतात. यातून वाचणारी रक्कम डाळ, भाजी व अंडी यांसाठी राखून ठेवावी.

स्वस्त प्रथिने ओळखावीत

१०० ग्रॅम हरभऱ्यात सुमारे १९ ग्रॅम, तर तितक्याच सोयाबीन वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच वजनाच्या साध्या गोड बिस्किटांत ती जेमतेम ७ ग्रॅम असतात. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. लखनौत सर्वत्र मिळणारे सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ. पाण्यात कालवून, लिंबू पिळून घेतल्यास बालकांसाठी व श्रमिकांसाठी तो उत्तम अल्पोपाहार ठरतो. धान्य व डाळ एकत्र खाल्ल्यास एकातील प्रथिनांची उणीव दुसऱ्याने भरून निघते. त्यामुळे खिचडी, तसेच डाळ घालून केलेली येथील तहरी हे परिपूर्णतेच्या जवळ जाणारे जेवण आहे.

हंगामी भाजी निवडावी

हंगामातील भाजी ताजी व तुलनेने स्वस्त असते. हिवाळ्यात येथे बथुआ या नावाने विकला जाणारा चाकवत, सोया म्हणून ओळखला जाणारा शेपू, तसेच मेथी व पालक मुबलक मिळतात. उन्हाळ्यात व पावसाळ्यात चौलाई, म्हणजेच माठ, घ्यावा. भाजी आधी धुवावी व नंतर चिरावी. चिरून धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्यासोबत वाहून जातात.

पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यासाठी जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असावा. जेवणासोबत व लगेच नंतर चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते. त्यामुळे जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे.

अनावश्यक खर्च टाळावा

शीतपेये, बिस्किटे, वेफर्स आणि पाकिटबंद नमकीन यांवरील खर्च घटविल्यास महिन्याच्या डाळीची तरतूद सहज होऊ शकते. त्याऐवजी भाजलेले चणे व शेंगदाणे ठेवावेत. मात्र पाच वर्षांखालील बालकांना अख्खे दाणे देऊ नयेत; ते घशात अडकण्याचा धोका असतो. मिठाचे प्रमाण प्रत्येकी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे एका चमच्यापेक्षा, अधिक नसावे.

सर्वांनी समान वाटून घ्यावे

अनेक घरांत स्त्रिया सर्वांत शेवटी जेवतात आणि तोपर्यंत डाळ-भाजी संपलेली असते. म्हणून पहिल्या पंगतीपूर्वीच प्रत्येकाचा वाटा बाजूला काढून ठेवावा. गर्भवती व स्तनदा माता, तसेच ६ महिने ते ६ वर्षे वयाच्या बालकांनी अंगणवाडीतील विनामूल्य पूरक पोषण आहाराचा लाभ घ्यावा. गर्भवतींनी शासकीय आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस नियमित घ्याव्यात.

सतत थकवा, धाप लागणे किंवा डोळ्यांच्या पापण्यांचा आतील भाग फिकट दिसणे ही लक्षणे आढळल्यास नजीकच्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी अवश्य करून घ्यावी.