वैमानिकांचा भत्ता आणि बाकीच्यांचा रोष

विमान रद्द झाले की व्यापाऱ्याचे नुकसान दोन्हीकडून होते. माणूस अडकतो आणि मालही अडकतो, कारण तयार कपडे, भाजीपाला, हापूस असा पुष्कळ माल प्रवासी विमानाच्या पोटातूनच आखाती देशांत जातो. मग वैमानिकांच्या संपाची बातमी आली की बाजारात एकच सवाल ऐकू येतो, "एवढा पगार घेतात, आणखी काय हवे?" हाच सवाल विमान कंपनीच्या हँगरमध्ये आणि तिकीट खिडकीवरही विचारला जातो. वैमानिक आणि इतर कर्मचारी यांच्यातील ही तेढ नेमकी कशाची, हे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सच्या अनुभवावरून समजून घेण्यासारखे आहे. ज्याच्या कारखान्यात दहा माणसे कामाला आहेत, त्यालाही तो अनुभव उपयोगी पडेल.

वैमानिकाला वेगळे काय मिळते?

त्याच्या सवलती तीन प्रकारच्या असतात. पहिली विश्रांती. वर्षाला १००० तासांपेक्षा अधिक उड्डाण करण्यास नियमानेच मनाई आहे. दुसरा उड्डाण भत्ता, जो त्याच्या कमाईचा मोठा भाग असतो. तिसरी सवलत मानाची, म्हणजे चांगले हॉटेल, ने-आण करणारी गाडी, कामानिमित्त प्रवास करताना पुढच्या वर्गातील जागा.

यातील विश्रांती ही मेहेरबानी नाही. ती प्रवाशांच्या जिवासाठी आहे. भत्ता हा बाजारभाव आहे. एका जातीचे विमान चालवणाऱ्याला दुसऱ्या जातीचे विमान प्रशिक्षण व परीक्षेशिवाय चालवता येत नाही, त्यामुळे गेलेल्या वैमानिकाच्या जागी उद्या दुसरा उभा करता येत नाही. मान मात्र केवळ रिवाजाचा भाग आहे. बाकीचे कर्मचारी या तिन्हींचे एकच गाठोडे बांधून त्याकडे बोट दाखवतात आणि वैमानिकही तिन्ही गोष्टी सारख्याच जोराने मागतात. भांडणाचे मूळ इथे आहे.

इंजिनिअरची बाजूही ऐकली पाहिजे. परवानाधारक इंजिनिअरच्या सहीशिवाय विमान जमिनीवरून हलत नाही. तो म्हणतो, जबाबदारी माझीही आहे, मग फरक एवढा का? सामान चढवणारा आणि काउंटरवर प्रवाशांच्या शिव्या खाणारा कारकून हेच विचारतो.

भत्त्याचा पायंडा

१९५३ मध्ये विमान कंपन्या सरकारी झाल्या आणि कित्येक वर्षे वैमानिकाला देशात दुसरा मालक जवळपास उरला नाही. तरी संप होतच होते. डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी काम थांबवले तेव्हा परदेशी विमाने त्यांच्या वैमानिकांसह भाड्याने आणावी लागली. त्यांपैकी उझबेकिस्तानचे एक विमान ९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटले. सुदैवाने कोणी दगावले नाही. पण कसबी माणसाची जागा घाईने भरणे किती धोक्याचे असते, ते सर्वांना दिसले.

त्याच सुमारास खासगी कंपन्या मैदानात आल्या. मुंबईत ट्रॅव्हल एजन्सीच्या धंद्यात असलेले केरळचे तकियुद्दीन वाहिद यांची ईस्ट वेस्ट १९९२ मध्ये सुरू झाली, जेट १९९३ मध्ये. त्यांनी जादा पगार देऊन सरकारी कंपन्यांतील वैमानिक उचलायला सुरुवात केली. गळती थांबवण्यासाठी सरकारी कंपन्यांनी उत्पादकतेशी जोडलेला प्रोत्साहन भत्ता आणला. वैमानिकांना तो मिळताच इंजिनिअरांनी मागितला, मग केबिन कर्मचाऱ्यांनी, मग जमिनीवरच्या सर्वांनी. हळूहळू तो सर्वांच्या पगाराचा भाग होऊन बसला. काम वाढो वा न वाढो, रक्कम मिळत राहते, अशी टीका होऊ लागली.

एकदा पगारात मिसळलेला भत्ता परत काढता येत नाही. २००९ मध्ये तोटा वाढल्यावर व्यवस्थापनाने वरिष्ठांच्या प्रोत्साहन भत्त्यात कपात जाहीर केली. सप्टेंबरअखेर अधिकारी वैमानिक आजारपणाच्या रजेवर गेले आणि काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी, मे २०१० मध्ये, जमिनीवरील कर्मचारी व इंजिनिअर संपावर गेले तेव्हा मात्र डझनावारी लोकांना कामावरून काढले आणि त्यांच्या संघटनांची मान्यता रद्द केली. एकासाठी माघार आणि दुसऱ्यासाठी बडगा, असाच अर्थ सामान्य कर्मचाऱ्याने यातून काढला तर नवल नाही.

एक पाटी, दोन पगारपत्रके

२००७ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या, पण वेतनाचे नियम वेगवेगळेच राहिले. मग खुद्द वैमानिकांतच फूट पडली. पूर्वीच्या एअर इंडियावाल्यांना ठराविक तासांच्या भत्त्याची हमी होती, पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सवाल्यांना जेवढे उडाल तेवढे. उड्डाणे कमी झाली की यांची कमाई घटे. समान वेतनासाठी ते २७ एप्रिल २०११ पासून दहा दिवस संपावर गेले.

२०१२ मध्ये दुसऱ्या बाजूची पाळी आली. विलीनीकरणापूर्वी एअर इंडियाने मागवलेल्या २७ ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही देण्याचे ठरले. मोठ्या विमानाचा कमांडर होणे म्हणजे बढती आणि जादा कमाई. आपली बढती दुसरे नेतील या भीतीने जुन्या एअर इंडियाचे वैमानिक मे महिन्यात काम सोडून बसले. संप ५८ दिवस चालला, सुमारे शंभर वैमानिकांवर बडतर्फीची कुऱ्हाड पडली, लांब पल्ल्याची उड्डाणे कोलमडली. हे सारे ऐन आंब्याच्या दिवसांत.

जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली. मालक बदलला तरी दुखणे राहिले. २०२४ मध्ये विस्ताराच्या विलीनीकरणाआधी तिच्या वैमानिकांची हमी ७० तासांवरून ४० वर आणणारा करार पुढे आला, तेव्हा एप्रिलमध्ये उड्डाणे रद्द झाली. मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसचे केबिन कर्मचारी एकाच वेळी आजारी पडले आणि आखातातून ये-जा करणारे कष्टकरी विमानतळावर ताटकळले.

आपल्यासाठी हिशेब

भिवंडी-मालेगावात हेच लहान प्रमाणात घडते. चांगल्या जॉबरला शेजारचा मालक जादा पैसे देऊ करतो. आपण त्याला टिकवण्यासाठी गुपचूप वाढवून देतो. आठवड्यात ते कांडीवाल्यापर्यंत पोहोचते आणि तोही हात पुढे करतो. कसबी माणसाला अधिक द्यावेच लागते, त्यात गैर काही नाही. पण का देतो ते उघडपणे सांगावे, आणि ती रक्कम प्रत्यक्ष कामाला बांधावी, म्हणजे काम थांबले की तीही थांबेल. विश्रांती, पिण्याचे पाणी आणि वेळेवर मजुरी यांत मात्र उस्ताद आणि पोऱ्या असा भेद ठेवू नये. आणि दोन भावांचे कारखाने एक करायचे असतील, तर दारावरची पाटी बदलण्याआधी दोन्हीकडच्या मजुरीचे दर आणि कोण कोणाच्या वर, हे लिहून ठरवावे. विमान कंपनीने पाटी आधी बदलली आणि पगाराचा प्रश्न मागे ठेवला. त्याचा भुर्दंड प्रवाशांनी आणि माल पाठवणाऱ्यांनीही भरला.