पाठ राखणारा गडी

फुटबॉलचा सामना पाहावयास जमलेल्या मंडळींची दृष्टी बहुधा चेंडूच्या मागे धावत असते, आणि सामना संपल्यावर मुखी नाव राहते ते गोल करणाऱ्या गड्याचे. १८ डिसेंबर २०२२ रोजी कतार देशात आर्जेंटिनाच्या संघाने फ्रान्सवर मात करून जगज्जेतेपद संपादन केले, तेव्हा मेस्सीचे नाव खेड्यापाड्यांतील बालकांच्याही तोंडी होते. परंतु त्याच संघात पाठीमागे उभे राहून शत्रूचे हल्ले परतविणारा निकोलस ओटामेंडी कोण, असे विचारले असता किती विद्यार्थ्यांस उत्तर देता येईल? त्याच देशाने १९७८ साली प्रथम जगज्जेतेपद मिळविले, त्या वेळी संघाचा नायक दानियेल पासारेला हाही बचावाच्या फळीतलाच गडी होता. अशा गड्यांचे काम काय असते, ते कसे शिकावे लागते, आणि आपल्या शेजारच्या गोमंतकातील एका गड्याने ते कसे पार पाडिले, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम खेळाची रचना पाहू. अकरा गड्यांपैकी एक गोलरक्षक. त्याच्या पुढे बचाव करणारे, ज्यांस पूर्वी 'बॅक' म्हणत. त्यांच्या पुढे मधली फळी. आणि सर्वांच्या पुढे हल्ला करणारे. जुन्या काळी बॅक दोनच असत, मधल्या फळीत तिघे आणि आघाडीस पाच. १९२५ साली 'ऑफसाइड'चा नियम बदलला आणि ही रचना मोडली. हा नियम मुलांस नेहमी अवघड वाटतो, म्हणून तो येथे उलगडून सांगतो. सोबत्याने चेंडू पुढे दिला, त्या क्षणी जर एखादा गडी प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात असून, चेंडू आणि प्रतिपक्षाचा शेवटून दुसरा गडी या दोहोंहूनही गोलरेषेच्या अधिक जवळ असेल, तर तो ऑफसाइडच्या जागी आहे असे समजतात; आणि तेथून त्याने खेळात भाग घेतला तर पंच शिट्टी वाजवितो. १९२५ पूर्वी पुढे असणाऱ्यास आपल्यासमोर प्रतिपक्षाचे तिघे असावे लागत. त्यानंतर दोघे पुरेसे झाले. हल्ला करणे सोपे झाले, गोल भराभर होऊ लागले; तेव्हा इंग्लंडातील आर्सेनल संघाच्या हर्बर्ट चॅपमन या व्यवस्थापकाने मधल्या फळीतील मधला गडी मागे ओढून दोन बॅकांच्या मध्ये उभा केला. आज बहुतेक संघांत बचावाचे चौघे असतात. सारांश, हल्ल्याचे बळ जसजसे वाढत गेले, तसतशी पाठ राखणाऱ्यांची गरजही वाढत गेली.

आता या गड्याचे काम. पुष्कळांस असे वाटते की, बचाव करणे म्हणजे अंगावर धावून जाणे व चेंडू दूर लाथाडणे. हा मोठा भ्रम होय. चुकार बैल पिकाकडे वळला असता जाणता गुराखी त्याच्या मागे धावत नाही. तो बांधाच्या तोंडाशी आधीच जाऊन उभा राहतो. चांगला बचावपटू हेच करतो. चेंडू कोठे आहे यापेक्षा तो कोठे जाणार आहे, याचा अदमास तो बांधीत असतो. प्रतिपक्षाचा गडी चेंडू घेऊन आला की, त्याच्यात आणि गोलात आपला देह ठेवावा. त्याला मैदानाच्या मध्यभागी येऊ न देता कडेकडे ढकलीत न्यावे. उतावीळपणे पाय न घालता त्याचीच गती मंद करावी. आणि आपले सोबती परत आले की मग चेंडू हिरावून घ्यावा. उंच आलेला चेंडू मस्तकाने परतवावा. शेजारचा पुढे सरला तर आपण त्याची जागा झाकावी. चौघेही एका ओळीत पुढे सरकले, तर ऑफसाइडच्या नियमाचाच तट उभा राहतो. परंतु चौघांपैकी एक जरी मागे रेंगाळला, तरी तो तट कोसळतो. म्हणजे या कामात पायांच्या बळाइतकेच डोळ्यांचे, तोंडाने सोबत्यांस सावध करण्याचे, आणि सर्वांहून अधिक संयमाचे महत्त्व आहे.

आपल्या धारूरच्या किल्ल्याकडे पाहा. ज्या बाजूंस खोल दरी आहे, तेथे निसर्गानेच राखण केली. ज्या बाजूने शत्रू येऊ शकेल, तेथे बांधणाऱ्यांनी खंदक खणला व तट उभारिला. बळ कोठे खर्च करावे व कोठे करू नये, हे जाणणे हीच बचावाची विद्या.

ज्या गोमंतकाचा उल्लेख वर आला, तेथे फुटबॉल नेला तो एका धर्मगुरूने. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोली गावी मुलांस हा खेळ शिकविला. काश्मिरात १८९१ साली मिशनशाळेचे टिंडेल-बिस्को साहेब चेंडू घेऊन आले, तेव्हा चामड्यास शिवणे म्हणजे विटाळ, असे मानून विद्यार्थ्यांनी खेळण्यास साफ नकार दिला होता. पुढे त्याच शाळेत हा खेळ रुजला. मिशनशाळांनी खेळास शिक्षणाचा भाग मानिले, याचे कारण एवढेच की, पुस्तकातून जे सांगून समजत नाही, ते मैदानावर एका तासात समजते: माझ्या चुकीचे फळ दहा जणांस भोगावे लागते, आणि दहा जणांच्या श्रमाचे फळ मला मिळते.

त्याच गोमंतकात १९८० साली महेश गवळी यांचा जन्म झाला. ते मोठ्या चणीचे व उत्तम मस्तकप्रहार करणारे बचावपटू म्हणून पुढे नावाजले. परंतु या नावलौकिकाच्या मागे बालवयातच घर सोडण्याचे धैर्य होते. जमशेदपूर येथे १९८७ साली टाटा फुटबॉल अकादमी स्थापन झाली होती. निवडक मुलांस तेथे ठेवून घेऊन पद्धतशीर शिक्षण देत. गवळी तेथे तयार झाले. घरापासून शेकडो कोस दूर, भाषा निराळी, अन्न निराळे, आणि नित्य तोच तो सराव. ही अकादमी पुरी करून आलेल्या अनेकांनी देशाचा पोशाख घातला. त्यांत गवळीही होते.

पुढे गोव्याच्या चर्चिल ब्रदर्स संघाकडून ते खेळले, आणि १९९९ पासून दहा वर्षांहून अधिक काळ भारताच्या संघाची मागची बाजू त्यांनी सांभाळली. मध्यंतरी ते कलकत्त्यास ईस्ट बंगाल संघात गेले. त्या संघाने २६ जुलै २००३ रोजी जकार्ता येथे आग्नेय आशियातील क्लबांच्या स्पर्धेत अंतिम सामना थायलंडच्या बीईसी तेरो सासाना संघाविरुद्ध ३-१ असा जिंकला. भारतीय क्लबाने परमुलखात मिळविलेल्या मोठ्या विजयांत त्याची गणना होते. पुढे गवळी गोव्यास परतले आणि डेम्पो संघात दीर्घकाळ राहिले. अर्मांदो कुलासो या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्या संघाने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशा तीन वर्षी राष्ट्रीय आय-लीग जिंकली. २००८ साली तोच संघ आशियाई क्लबांच्या एएफसी चषकात उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

देशाच्या संघासाठीही तो काळ भरभराटीचा होता. २००७ साली दिल्लीस नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने सीरियास १-० असे हरविले. १-० या आकड्यातील 'एक' सर्वांस दिसतो. परंतु त्या पलीकडचे जे शून्य, ते कोणी मिळविले? ते मागच्या फळीची व गोलरक्षकाची कमाई होय. १३ ऑगस्ट २००८ रोजी भारताने ताजिकिस्तानचा ४-१ असा पराभव करून आशियाई चॅलेंज चषक पटकाविला, आणि तब्बल २७ वर्षांनी आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेचे दार आपणांस उघडले. त्या सामन्यात सुनील छेत्री यांनी तीन गोल केले, हे पुस्तकांत नमूद आहे. टळलेल्या गोलांचा रकाना मात्र कोणत्याही पुस्तकात नसतो. पुढे २०११ साली कतारमध्ये त्या मुख्य स्पर्धेत आपल्या संघास तीन सामन्यांत १३ गोल सोसावे लागले. बलाढ्य संघांपुढे तटास भगदाड पडले म्हणजे काय होते, याचा तो कडू धडा होता.

खेळ सोडल्यावर गवळी प्रशिक्षक झाले. २०२३ साली बंगळूर येथे दक्षिण आशियाई स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. सहायक म्हणून मागे उभे असणाऱ्या गवळींवर एकाएकी सर्व भार पडला. १ जुलै रोजी लेबाननविरुद्धचा उपांत्य सामना गोलाविना बरोबरीत सुटला व पेनल्टींवर भारताने तो जिंकला. ४ जुलै रोजी कुवेतविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा राहून पुन्हा पेनल्टींवर ५-४ अशी सरशी झाली. वर्षानुवर्षे दुसऱ्याची पाठ राखणारा मनुष्य वेळ आली असता पुढेही उभा राहू शकतो, हे त्या दोन दिवसांनी दाखविले.

याचे आणखी एक थोर उदाहरण १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत घडले. भारताचा बलदंड बॅक जर्नेल सिंग याच्या डोक्यास सामन्यात मोठी जखम होऊन टाके घालावे लागले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यास बसवून न ठेवता हल्ल्याच्या फळीत खेळविले. आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. भारताने तो सामना २-१ असा जिंकून सुवर्णपदक आणिले. हे रहीमसाहेब मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. ज्या हैदराबाद संस्थानात एके काळी आपला बीड जिल्हा मोडत असे, तेथील एका शिक्षकाने देशास असा संघ घडवून दिला, याचे स्मरण आपणांस असावे.

येथे पालकांच्या मनातील प्रश्नाकडे वळणे भाग आहे. "खेळून पोट भरते काय?" असे पुष्कळ वडीलधारी माणसे विचारतात, आणि तो प्रश्न खोटा नाही. आमच्या तालुक्यात पाऊस दगा देतो. दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात, आणि वर्गातील बाके रिकामी पडू लागतात. अशा स्थितीत मुलाचा एकेक तास मोलाचा वाटणे साहजिक आहे. यास उत्तर म्हणून आम्ही डॉ. तालिमेरेन आओ यांचे चरित्र पुढे ठेवितो. नागा टेकड्यांतील एका ख्रिस्ती पाळकाच्या घरी १९१८ साली त्यांचा जन्म झाला. आपल्या मुलाने वैद्य होऊन लोकांची सेवा करावी, ही पित्याची इच्छा होती. आओ कलकत्त्यास वैद्यक शिकत असताना मोहन बागान संघात बचावाच्या बाजूस खेळत. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेत ते भारतीय फुटबॉल संघाचे नायक होते. उद्घाटनाच्या दिवशी राष्ट्रध्वजही त्यांच्याच हाती होता. आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून केवळ २-१ असे हरले. एवढा मान मिळाल्यावरही आओ यांनी अभ्यास सोडला नाही. १९५० साली पदवी घेऊन ते स्वप्रांती परतले, आणि पुढे नागालँडच्या आरोग्यखात्याचे संचालक झाले. खेळाने त्यांचे शिक्षण बुडविले नाही, व शिक्षणाने खेळ बुडविला नाही.

प्रत्येक मूल गवळी होणार नाही, हे आम्ही जाणतो; तशी आशा लावून कोणासही फसविणे आम्हांस मान्य नाही. देशाच्या संघात एका वेळी अकराच गडी खेळतात. परंतु जो विद्यार्थी रोज सायंकाळी एक तास मैदानावर आपली जागा न सोडता उभा राहण्यास शिकला, तो परीक्षेतही आपली जागा सोडीत नाही, आणि संसारातही सोडीत नाही. आईवडील कारखान्यावर गेले असता धाकट्या भावंडांस जेवू घालून शाळेत घेऊन येणाऱ्या मुली आमच्या वर्गांत आहेत. त्यांस कोणी टाळ्या वाजवीत नाही, तरी त्यांच्यामुळे घर उभे राहते. पाठराखण म्हणतात ती हीच. पालकांनी एवढे करावे की, निघण्यापूर्वी मुलांस गावी ठेवण्याची काही व्यवस्था होते काय, हे शिक्षकांशी बोलून पाहावे; आणि शाळा सुटल्यानंतरचा तो एक तास वाया गेला असे मानू नये.

विद्यार्थिमित्रहो, संघ निवडताना तुम्हांपैकी जो तो आघाडीची जागा मागतो; मागे उभे राहा म्हटले की तोंड उतरते. संत पौलाने मंडळीस शरीराची उपमा दिली आहे. डोळ्याने हातास तुझी गरज नाही असे म्हणू नये, आणि जे अवयव दुबळे भासतात तेच अधिक आवश्यक असतात, असा त्याचा आशय आहे. पुढल्या वेळी शिक्षक तुम्हांस बॅकची जागा देतील, तेव्हा ती शिक्षा समजू नका. सर्वांत विश्वासू गड्याच्या हाती घराचे दार देतात.