आखडलेलं बोट उलगडताना

बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीस्थानी, वीरशैव भक्त इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. ते पेलायला बोटं किंचित वाकतात. याच बालाघाटाच्या डोंगररांगेतली माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात आणि त्यांची बोटं कोयत्याच्या मुठीवर घट्ट मिटतात. नाजूक आणि राकट अशी दोन्ही कामं बोटांचे सांधे करतात. आणि गंमत म्हणजे त्या बोटांत वाकवणारा एकही स्नायू नाही! ते सगळे तळहातात आणि कोपराखाली. तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांपर्यंत येतात.

बोटाचा मधला सांधा सुमारे 100 अंशांपर्यंत वाकतो. मात्र दुखापतीनंतर तो आठवडेच्या आठवडे वाकलेलाच राहिला, तर भोवतालचे बंध आकसतात आणि बोट आखडतं. ते एका झटक्यात सरळ करणं धोक्याचं, कारण आकसलेल्या रक्तवाहिन्याही ताणल्या जातात आणि बोटाचा रक्तपुरवठाच थांबू शकतो.

मुंबईचे हस्तशल्यचिकित्सक डॉ. बी. बी. जोशी यांनी 1980च्या दशकात यावर जी युक्ती काढली, ती मला फार मोठी वाटते. ‘जेस’ या नावानं ती ओळखली जाते. सांध्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या हाडांत बारीक पोलादी तारा घालायच्या आणि त्या बाहेरच्या छोट्या चौकटीला जोडायच्या. सांधा उघडायचाच नाही! चौकटीवरचा स्क्रू रोज जरासा फिरवायचा, मिलिमीटरच्या अंशांनी. त्या संथ ओढीला शरीर वाढीनं उत्तर देतं: बंध, कातडी, रक्तवाहिन्या हळूहळू लांबतात. सांध्यात हाड फुटलं असेल, तर ताणलेले बंध आपल्याला चिकटलेले तुकडेही जागेवर ओढून आणतात. पुढे हीच चौकट वाकड्या पावलांच्या बाळांच्याही कामी आली.

सांध्याचा पृष्ठभागच चुरडला असेल, तर मात्र ओढ पुरत नाही. तेव्हा मनगटातल्या हॅमेट या हाडाचा कूर्चेसकट तुकडा काढून बोटात बसवतात. करंगळी आणि अनामिकेच्या तळहातातल्या हाडांना टेकणाऱ्या त्याच्या कडेला दोन उथळ खोबणी आणि मधे उंचवटा असतो. बोटाच्या मधल्या हाडाच्या बुडाची घडणही जवळजवळ तशीच. तुकडा बारीक स्क्रूंनी पक्का करतात आणि मग व्यायामानं बोट पुन्हा वाकू लागतं. तेवढा भाग गेल्यावरही मनगट सहसा आपलं काम करत राहतं.