थांबलेला घाणा

आपल्याकडे माणसाची ओळख कामावरून ठरते. लोखंड घडवतो तो लोहार, मडकी घडवतो तो कुंभार. कोकणात मात्र एका समाजाला काम बंद ठेवण्याच्या वारावरून नाव मिळालं. तेल गाळणारे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा चालवत नसत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे इतर तेली ते सोमवार तेली.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, असं या समाजाची परंपरा सांगते. पुढे ते गावोगाव पांगले. केहिमकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावं अस्सल इथली. धर्मग्रंथ हाती नव्हते, हिब्रू जवळजवळ विसरली होती. उरलं होतं ते थोडकं: सुंता, खाण्यापिण्याचे नियम, ‘शमा’ ही प्रार्थना आणि शनिवार. ग्रंथ हरवले तरी वार हरवला नाही, कारण तो पाठ करायचा नव्हता, पाळायचा होता.

शनिवारच्या या विसाव्याचं नाव ‘शब्बाथ’, आणि या शब्दाच्या मुळाशी थांबणं आहे. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी घरात दिवा लागतो. बेने इस्रायल घरांत मनुका भिजवून केलेल्या सरबतावर आशीर्वाद म्हणतात. शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. मधल्या वेळात नांगरणं, शिवणं, लिहिणं, विस्तव पेटवणं अशी ३९ प्रकारची कामं वर्ज्य. स्वयंपाक आदल्या दिवशीच झालेला असतो.

ही बंधनं जाचक वाटू शकतात. त्यांचा अर्थ तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या दोन कारणांत आहे. पहिलं कारण निर्मितीचं: सहा दिवसांत सृष्टी घडवून देव सातव्या दिवशी थांबला. माणूसही थांबतो आणि मान्य करतो, की जग माझ्या हातांवाचूनही चालतं. दुसरं कारण सुटकेचं: तुम्ही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतात, हे विसरू नका. गुलामाला स्वतःच्या इच्छेनं थांबता येत नाही. म्हणून थांबणं ही स्वातंत्र्याची दर आठवड्याची खूण.

आणि ही खूण घरच्या धन्यापुरती नाही. चाकर, मोलकरीण, दारी आलेला परका, इतकंच काय, बैल आणि गाढव यांनाही त्या दिवशी विसावा द्यावा, अशी तोराची आज्ञा आहे. सोमवारी बैलाच्या मानेवर जू न ठेवण्याची रीत महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी होती. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला ही आज्ञा परकी वाटू नये.

मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र हा विसावा झगडून मिळवावा लागला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. धर्म वेगळा, वार वेगळा. पण राबणारा देह हा कुणाचं अवजार नव्हे, हे म्हणणं एकच.

१९४८ नंतर बेने इस्रायल समाजातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तरी अलिबागच्या इस्रायल आळीत आणि पुण्यात ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्यू प्रार्थनागृहात शब्बाथची आठवण जिवंत आहे.

आपल्याला आज रविवार आहे. पण स्वयंपाकघरातल्या बाईला तो आहे का? घरपोच जेवण आणणाऱ्या पोराला? शब्बाथ नेमकं हेच विचारतो: तुझा विसावा कुणाच्या राबण्यावर उभा आहे? कोकणातल्या त्या घाण्यापाशी याचं उत्तर दर शनिवारी दिसत असे. तेली थांबला, की गोल गोल फिरणारा त्याचा बैलही थांबायचा.